आधी काम, मग पॅकेज

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित आधार देणे थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्याआधीचे संगणक नीट चालत असूनही एका तारखेनंतर जुने ठरले. सांगलीला लागून असलेले माधवनगर यंत्रमाग आणि व्यापार यांवर वाढले. अशा गावात संगणक मोडेपर्यंत वापरायची वस्तू असते. हिशेबाच्या खोलीत, शाळेच्या कोपऱ्यात, वाचनालयाच्या टेबलावर दहा-बारा वर्षांचे यंत्र अजून रोज सुरू होते. लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकली तर त्यातली बरीच यंत्रे पुढची कित्येक वर्षे सुरक्षितपणे वापरता येतात.

मात्र लिनक्स टाकताना एक प्रश्न समोर येतो, जो विंडोजने आपल्याला कधी विचारलाच नव्हता. यात काय काय हवे? दुकानातून आणलेल्या संगणकात हे दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवलेले असते. लिनक्समध्ये ते आपण ठरवतो. बरेचजण इथे गडबडतात. निवडीच्या पडद्यावर कोणी सगळ्याच ओळींपुढे खुणा करतो, कोणी काहीच न वाचता पुढे जातो. हे प्रकरण त्या एका पडद्याविषयी आणि त्यामागच्या विचाराविषयी आहे.

तो पडदा

उदाहरणासाठी डेबियन घेऊ. १९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेले हे डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे लिनक्सची एक तयार मांडणी, आजही पूर्णपणे स्वयंसेवकांच्या बळावर चालते. (बोलताना सगळे ‘डिस्ट्रो’ म्हणतात, आपणही तसेच म्हणू.) भाषा, देश, कीबोर्ड, पासवर्ड, डिस्कची वाटणी हे टप्पे पार पडले आणि मूळ प्रणाली डिस्कवर उतरली की ‘सॉफ्टवेअर निवड’ असा पडदा येतो. त्यावर डेस्कटॉपची यादी असते: ग्नोम, एक्सएफसीई, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माटे, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी. खाली वेब सर्व्हर, एसएसएच सर्व्हर आणि ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’. डेस्कटॉप आणि युटिलिटीज यांच्यापुढे आधीच खूण असते. स्पेसबार दाबून ती लावता किंवा काढता येते.

ओळी मोजक्याच दिसतात, पण प्रत्येक ओळीमागे शेकडो पॅकेजेस उभी असतात. सगळ्या खुणा काढल्या तर संगणक सुरू होईल, काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारेल आणि थांबेल. ना खिडक्या, ना ब्राउझर. सर्व्हर चालवणाऱ्याला हेच हवे असते. घरच्या माणसाला मात्र हा संगणक बिघडल्यासारखा वाटेल.

पॅकेजच्या आत काय असते

एखादा प्रोग्रॅम म्हणजे एकच फाइल नसते. चालणारी मुख्य फाइल, चित्रे, भाषांतरे, मदतीची पाने, सेटिंगच्या फाइल्स असा तो गठ्ठा असतो. पॅकेजमध्ये हे सगळे बांधलेले असते, आणि सोबत एक चिठ्ठी असते: नाव काय, आवृत्ती कोणती, कोणती फाइल कुठे ठेवायची, काढताना काय करायचे, आणि हे चालण्यासाठी दुसरे काय काय लागते. डेबियनची पॅकेजेस डीपीकेजी हे साधन बसवते. रेड हॅट आणि फेडोरा या डिस्ट्रोंकडे आरपीएम आहे.

त्या चिठ्ठीतला शेवटचा भाग आपल्या कामाचा. डेबियनमध्ये गरजेचे तीन दर्जे प्रामुख्याने दिसतात. पहिला ‘डिपेंड्स’: हे नसेल तर प्रोग्रॅम चालणारच नाही. दुसरा ‘रेकमेंड्स’: हे नसले तरी चालेल, पण बहुतेकांना लागेल. तिसरा ‘सजेस्ट्स’: कोणाला हवे असेल तर. एपीटी हे साधन पहिल्या दर्जाची पॅकेजेस आपोआप ओढून आणते. २००९ मध्ये आलेल्या डेबियन ५ पासून ते दुसऱ्या दर्जाचीही न विचारता आणते. म्हणून एका छोट्या प्रोग्रॅमची मागणी केली की कधी कधी पन्नास नावे समोर येतात. त्यातली खरोखर आवश्यक किती आणि शिफारशीची किती, हे पाहण्याची सवय लागली की निम्मी भीती जाते. डिस्क लहान असेल तर शिफारशी वगळून बसवण्याची सोय एपीटीमध्येच आहे.

डेबियन १३ ही आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली तेव्हा तिच्या भांडारात सत्तर हजारांच्या घरात पॅकेजेस होती. इतक्या नावांतून कोणीही एकेक वाचून निवड करू शकत नाही. करायचीही नसते. निवड सुरू होते ती भांडारापासून नव्हे, त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या कामापासून.

फ्लॉपीपासून एका सीडीपर्यंत

ही निवड लिनक्सच्या पहिल्या दिवसांपासून आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, खुले केले. पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर हे डिस्ट्रो आणले. त्याची पहिली आवृत्ती २४ फ्लॉपींवर मावत होती. स्लॅकवेअरमध्ये पॅकेजेसचे गट इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात. ‘ए’ म्हणजे मूळ प्रणाली, ‘डी’ म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याची साधने, ‘एन’ म्हणजे नेटवर्क, ‘टी’ म्हणजे टेक हे अक्षरजुळणीचे साधन, ‘एक्स’ म्हणजे खिडक्यांची यंत्रणा, ‘वाय’ म्हणजे खेळ. फ्लॉपीच्या काळात न लागणारा गट वगळला की तेवढ्या फ्लॉपी उतरवायच्या आणि एकामागून एक आत घालायच्या वाचत. तेव्हा निवडीचा थेट संबंध श्रमाशी होता.

पुढे सीडी आली. भारतात इंटरनेट महाग आणि मंद असताना पीसीक्वेस्टसारख्या मासिकांनी लिनक्सच्या सीडी अंकासोबत दिल्या आणि छोट्या शहरांतल्या अनेकांनी पहिल्यांदा लिनक्स पाहिले ते अशा सीडीवर. रेड हॅटच्या इन्स्टॉलरमध्ये त्या काळी ‘एव्हरीथिंग’, म्हणजे सगळेच्या सगळे, असा पर्याय होता. पुन्हा डाउनलोड करता येणार नाही या धास्तीने तो निवडणे साहजिक होते. त्यामुळे कधीही न वापरलेले सर्व्हर घरच्या संगणकांवर पार्श्वभूमीत चालू राहत. २००६ मध्ये फेडोरा कोअर ५ ने हा पर्याय काढून टाकला.

उबुंटू या डिस्ट्रोने २००४ मध्ये उलटा रस्ता धरला. एकच सीडी, आणि प्रत्येक कामासाठी एकच निवडलेला प्रोग्रॅम. एक ब्राउझर, एक ऑफिस संच, एक मेल. वापरणाऱ्याला पॅकेजेसबद्दल काही विचारायचेच नाही. ही सीडी मागवली की २०११ पर्यंत टपालाने फुकट घरी येत असे. लिनक्स सामान्य माणसापर्यंत पोचवण्यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे. मात्र हळूहळू तोही संच फुगला, आणि ऑक्टोबर २०२३ च्या उबुंटू २३.१० पासून मोजक्या प्रोग्रॅमची मांडणी हीच मूळ निवड झाली. लागेल ते नंतर घ्या, हा त्यामागचा विचार. तीस वर्षांच्या या ये-जाईतून एवढे स्पष्ट झाले आहे की सगळे घेणे चुकीचे आणि काहीच न विचारणेही अपुरे. दोन्हींच्या मध्ये जे उरते ते काम आपले.

आधी काय ठरवायचे, नंतर काय

माधवनगरच्या माणसाला यंत्रमागावरून हे लगेच कळेल. बीमवर ताण्याचे धागे चढले की त्यांची संख्या आणि जात तो बीम संपेपर्यंत बदलत नाही. बाण्याचा धागा मात्र कांडी बदलली की बदलतो. लिनक्समध्येही काही निर्णय ताण्यासारखे असतात आणि बाकीचे बाण्यासारखे.

ताण्याचे निर्णय चार. पहिला, प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा. डेबियन १३ पासून ३२ बिटच्या जुन्या पीसीवर नव्याने डेबियन बसवण्याची सोय राहिलेली नाही. म्हणून फार जुन्या यंत्रासाठी दुसरे डिस्ट्रो शोधावे लागते. दुसरा, डिस्ट्रो कोणते: वर्षानुवर्षे न बदलणारे हवे, की दर सहा महिन्यांनी नवे. दुकानाच्या आणि शाळेच्या संगणकाला पहिला प्रकार बरा. तिसरा, डिस्कची वाटणी. आपल्या फाइल्सचा ‘होम’ विभाग वेगळा ठेवला तर उद्या प्रणाली नव्याने टाकताना त्याला हात लावावा लागत नाही. चौथा, डेस्कटॉप. तो नंतर बदलता येतो, पण दोन डेस्कटॉप एकावर एक चढले की मेनूमध्ये प्रत्येक कामाचे दोन-दोन प्रोग्रॅम दिसतात आणि नवखा माणूस गोंधळतो.

डेस्कटॉप निवडताना रॅम पाहावी. डेबियनच्या मार्गदर्शिकेनुसार डेस्कटॉपसह चालवायला किमान १ जीबी रॅम लागते, २ जीबी असणे बरे, आणि डिस्कवर १० जीबी जागा हवी. हा अगदी तळचा आकडा आहे. प्रत्यक्षात आजचा ब्राउझर एकटाच बरीच रॅम खातो. २ जीबीच्या यंत्रावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी घ्यावे. ४ जीबी असेल तर माटे किंवा सिनॅमनही चालते. ८ जीबीच्या पुढे ग्नोम किंवा केडीई आरामात चालतात.

बाकी सगळे, म्हणजे ऑफिस, चित्रे, गाणी, खेळ, हे बाण्याचे. आज विसरले तर उद्या दोन मिनिटांत येते. म्हणून त्यांची चिंता इन्स्टॉलेशनच्या दिवशी करू नये.

तीन खुर्च्या

आता तीन संगणक मनात आणू. तिन्ही या परिसरात सहज सापडतील असे.

पहिला यंत्रमाग कारखान्याच्या हिशेबाच्या खोलीतला. त्याची कामे लिहून काढू: सुताच्या आवक-जावकेची नोंद, कामगारांचा पगार, चलन छापणे, जीएसटीचे विवरणपत्र, ई-वे बिल, बँक, मेल. यातली शेवटची चार कामे ब्राउझरमधून होतात. नोंदी आणि पगार लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये. छपाईसाठी कप्स ही यंत्रणा, आणि एचपीचा प्रिंटर असेल तर एचपीएलआयपी हे पॅकेज. कार्बन लावून चलन छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर त्यातले अनेक एप्सनची भाषा समजतात, तेव्हा त्या जातीचा ड्रायव्हर निवडून आधी एक पान छापून पाहावे. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरत असाल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे विंडोज पुसण्याआधी तपासावे. आणि सगळा हिशेब टॅलीत असेल तर प्रामाणिकपणे मान्य करावे की टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. अशा ठिकाणी एक यंत्र टॅलीसाठी ठेवून बाकीची लिनक्सवर नेणे शहाणपणाचे. नव्याने धंदा सुरू करणारा मात्र ग्नूकॅश पाहू शकतो. त्यात दुहेरी नोंदीची पद्धत आहे आणि त्याचा मराठी अनुवादही झाला आहे. एवढ्या यादीत खेळ, व्हिडिओ संपादन, वेब सर्व्हर यांना जागा नाही.

दुसरा शाळेतला. इथे काम विषयांप्रमाणे ठरते, आणि त्याची तयार सोय आहे. नॉर्वेत २००१ मध्ये शाळांसाठी सुरू झालेला स्कोलेलिनक्स हा प्रकल्प पुढे डेबियन एज्यु म्हणून डेबियनमध्ये मिसळला. त्यात गणित, रसायनशास्त्र, खगोलशास्त्र, भूगोल अशा विषयवार ‘मेटापॅकेज’ आहेत. मेटापॅकेजमध्ये स्वतःचे काही नसते. त्या विषयाच्या उपयोगी पॅकेजेसची ती फक्त यादी असते. एक नाव मागितले की सगळा संच येतो. लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस आणि टक्स पेंट, आकाश पाहण्यासाठी स्टेलेरियम, एवढ्यावरही एक वर्ग रंगून जातो. केरळने आयटी@स्कूल प्रकल्पातून राज्यातल्या शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची मांडणी तयार केली. कोणती पॅकेजेस घ्यायची हे तिथे अभ्यासक्रम समोर ठेवून ठरले. महाराष्ट्रातल्या शाळेला त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

तिसरा वाचनालयातला. पुस्तकांची नोंद आणि देवघेव यांसाठी कोहा हे न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी बनलेले मुक्त सॉफ्टवेअर आज जगभर वापरले जाते. कोहाला वेब सर्व्हर आणि डेटाबेस लागतो. अशा वेळी नवखा माणूस त्या पडद्यावर ‘वेब सर्व्हर’पुढे खूण करतो. त्याची गरज नसते. कोहाचे पॅकेज स्वतःच्या चिठ्ठीप्रमाणे हवा तो वेब सर्व्हर हव्या त्या साधनांसह ओढून आणते. मुख्य काम ज्या पॅकेजचे, त्याचे नाव घ्यावे आणि त्याच्या गरजा त्यालाच सांगू द्याव्यात.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी ही चौथी खुर्ची मानायला हवी, कारण त्याची गरज वेगळीच. त्याला सी भाषेचा कंपायलर आणि त्याची साथीदार साधने हवीत. डेबियनमध्ये ती बिल्ड-इसेन्शियल या एका नावाखाली मिळतात. सोबत गिट, पायथन, एखादा चांगला संपादक. या महाविद्यालयात वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप हा विद्यार्थ्यांचा गट आहे आणि तो लिनक्सच्या कार्यशाळा घेतो. पहिली निवड करताना शेजारी असे जाणते कोणी बसले तर शिकणे सोपे जाते. ज्यांना तसे कोणी मिळत नाही, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीत बोलून दाखवलेले आहेत. ते विनामूल्य आहेत.

मराठी ताण्यात घ्या

या सगळ्या खुर्च्यांवर बसणारा माणूस मराठी आहे. इन्स्टॉलेशनच्या वेळी हे फार वेळा विसरले जाते.

डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो. मात्र त्यासाठी सुरुवातीच्या मेनूतून चित्रमय इन्स्टॉलर निवडावा लागतो. साध्या मजकुराच्या इन्स्टॉलरला देवनागरी दाखवता येत नाही, म्हणून त्यात मराठीचा पर्यायच दिसत नाही. मराठी निवडली की मराठीसाठीची पॅकेजेस न विचारता आपोआप घेतली जातात. पण आपल्याकडे बहुतेकजण सवयीने ‘इंग्रजी, भारत’ निवडतात, आणि मग ती पॅकेजेस येत नाहीत. अशा वेळी टास्क-मराठी-डेस्कटॉप हे एक नाव नंतर हाताने मागवावे. त्यातून फॉन्ट आणि मुख्य प्रोग्रॅमचे मराठी अनुवाद येतात.

फॉन्टमागे पुण्याचा हात आहे. लोहित हा मुक्त फॉन्ट-संच रेड हॅटने २००४ मध्ये खुला केला. त्यातले फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवले होते. हीच कंपनी श्री-लिपीची. छापखान्यांत आणि कार्यालयांत ज्यांनी श्री-लिपी वापरली, त्यांना हे नाव नवे नाही. पुढे रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी लोहितवर बरीच वर्षे काम केले. मराठीसाठी देवनागरी असणे एवढेच पुरत नाही. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात, आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ अशा शब्दांतला र नीट उमटावा लागतो. लोहित किंवा नोटो देवनागरी यांपैकी एक तरी असावा, आणि प्रणालीची भाषा मराठी ठेवली तर वळणेही मराठी मिळतात.

टंकनासाठी आयबस आणि त्याला जोडणारे आयबस-एम१७एन ही दोन पॅकेजेस हवीत. त्यात सरकारी मान्यतेची इनस्क्रिप्ट मांडणी आहे, उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मांडणी आहे, आणि मराठी संकेतस्थळांवर लिहून हात बसलेल्यांची ओळखीची गमभनसुद्धा. कोणाच्या बोटांना काय सवय आहे हे विचारूनच मांडणी लावावी. टंकलेखन शिकलेल्या कारकुनाला फोनेटिक लादले तर तो संगणकालाच दोष देईल. वाचनालयात किंवा जुनी कागदपत्रे असलेल्या कार्यालयात आणखी एक पॅकेज उपयोगी पडते: टेसेरॅक्ट आणि त्याचा मराठीचा भाग. स्कॅन केलेल्या मराठी पानावरचा मजकूर तो ओळखून अक्षरांत उतरवतो.

ही पॅकेजेस डिस्कवर फार जागा घेत नाहीत. पण ती पहिल्या दिवशी नसतील तर पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणते की लिनक्सवर मराठी येत नाही, आणि तो समज पुढे वर्षानुवर्षे टिकतो. म्हणून मराठी बाण्यात नको, ताण्यातच हवी.

खैराटचा एक जीबी

कमी जागेत निवड कशी करावी याचा मोठा धडा रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या वाडीत पाहायला मिळाला. २००७ मध्ये तिथल्या प्राथमिक शाळेत ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. मुलांच्या हातात एक्सओ हा हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप आला. त्यात २५६ एमबी रॅम आणि साठवणुकीसाठी फक्त १ जीबीची फ्लॅश मेमरी. हार्ड डिस्क नाहीच.

त्यावर फेडोरा बसवायचा होता, आणि पूर्ण फेडोरा मावणे शक्य नव्हते. करणाऱ्यांनी कात्री लावून एकेक पॅकेज काढत बसण्याऐवजी मूल काय करणार हे आधी ठरवले. लिहिणे, चित्र काढणे, आवाज आणि संगीत, वाचणे, शोधणे, सवंगड्यांशी मिळून काम करणे. त्यासाठी नेहमीचा डेस्कटॉप सोडून शुगर नावाचे वेगळे आवरण बनवले. लिहिण्यासाठी भारी ऑफिस संच न घेता अ‍ॅबीवर्डचे हलके इंजिन घेतले. ब्राउझर मोझिलाच्या इंजिनावर, पण बटणे मोजकी. या प्रकल्पावर पुढे बरीच टीका झाली आणि तिच्यातले पुष्कळसे योग्यही होते. पण सॉफ्टवेअरची निवड कशी करावी याचा नमुना म्हणून तो आजही अभ्यासावा असा आहे. जागा कमी होती म्हणून प्रत्येक पॅकेजला स्वतःचे कारण द्यावे लागले.

आपल्याकडे आज ५०० जीबीची डिस्क असते आणि कारण कोणी विचारत नाही. टेकलाइव्हचा, म्हणजे टेक या अक्षरजुळणीच्या साधनाचा, पूर्ण संच एका झटक्यात पाच जीबीहून अधिक जागा घेतो. ज्याला गणिताची पुस्तके जुळवायची आहेत त्याने तो जरूर घ्यावा. पत्र लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

जास्तीची किंमत

डिस्क मोठी आहे, मग चार जास्तीची पॅकेजेस राहिली तर बिघडले काय? दोन गोष्टी बिघडतात.

पहिली, अद्ययावत करण्याचा खर्च. बसवलेल्या प्रत्येक पॅकेजच्या सुरक्षा-दुरुस्त्या पुढे येत राहतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या संगणकाला न वापरलेल्या प्रोग्रॅमचाही डेटा मोजावा लागतो. आणि त्या दुरुस्त्या बसत असताना वीज गेली तर पॅकेजेस अर्धवट बसलेली राहतात. डीपीकेजीला ‘कॉन्फिगर’चा आदेश देऊन ती पूर्ण करता येतात, पण ते ठाऊक असणारे माणूस जवळ हवे.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जगाला सावध केले की एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट ठेवली आहे. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून, आत शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या खुणेवरून त्यांनी माग काढला होता. एक्सझेडचा आणि एसएसएचचा थेट संबंध नाही. पण काही डिस्ट्रोंमध्ये एसएसएच सर्व्हर सिस्टिमडी या यंत्रणेच्या एका लायब्ररी-फाइलवर अवलंबून होता आणि ती एक्सझेडवर. एका पॅकेजच्या गरजेच्या गरजेतून धोका आत आला. डेबियनची स्थिर आवृत्ती यातून सुटली, कारण तिच्यात जुना एक्सझेड होता. चाचणीच्या आवृत्त्या मात्र सापडल्या.

यावरून त्या पडद्यावरच्या एका ओळीचे महत्त्व कळते. दुसऱ्या संगणकावरून आत शिरायचे नसेल तर ‘एसएसएच सर्व्हर’पुढे खूण करू नये. जे बसवलेलेच नाही त्यातून कोणी आत येत नाही.

उलट एक गोष्ट काटकसरीत कधी वगळू नये, ती म्हणजे फर्मवेअर. वाय-फायच्या अनेक चिपना स्वतःचे छोटे सॉफ्टवेअर लागते आणि ते मुक्त नसते. २०२३ च्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलर ते सोबत आणतो आणि ओळखून बसवतो. त्याआधी जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकल्यावर इंटरनेटच नाही, अशी अडचण नेहमी येत असे.

यादी हेच खरे इन्स्टॉलेशन

कृष्णेच्या काठाला पूर नवा नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी सांगलीने तो मोठ्या प्रमाणावर पाहिला. २०१९ मध्ये दीडशे वर्षांच्या सांगली नगर वाचनालयाच्याही पुस्तकांचे नुकसान झाले. पाणी शिरले की संगणक जातो, डिस्क जाते. फाइल्सची प्रत दुसरीकडे ठेवावी हे आता बहुतेकांना पटले आहे. पण प्रणालीची प्रत ठेवायचे कोणाच्या मनात येत नाही. लिनक्समध्ये त्यासाठी एक पानही पुरते.

एपीटी आपण स्वतः मागितलेली पॅकेजेस आणि त्यांच्यामागून ओढून आलेली पॅकेजेस वेगळी नोंदवते. एपीटी-मार्कला ‘शोमॅन्युअल’ सांगितले की ती यादी पडद्यावर येते, इन्स्टॉलरने मागितलेल्या काही नावांसह. ती एका फाइलमध्ये उतरवा, मेलवर पाठवा, छापून कपाटात ठेवा. उद्या दुसरा संगणक आला की मूळ डेबियन टाकायचे, यादी एपीटीला द्यायची आणि चहा प्यायला जायचे. परत आलात की ओळखीचा संगणक तयार. तीस संगणकांच्या प्रयोगशाळेसाठी हेच आणखी पुढे नेता येते: डेबियनमध्ये प्रीसीड आणि रेड हॅट घराण्यात किकस्टार्ट या फाइलमध्ये इन्स्टॉलरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे यादीसह लिहून ठेवतात, आणि यंत्र न विचारता स्वतःच सगळे बसवून घेते.

माझा आग्रह एका गोष्टीचा आहे. त्या यादीत प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कामासाठी आहे हे मराठीत लिहा. ‘चलन छापायला.’ ‘पुस्तकांच्या नोंदी.’ ‘सहावीचा भूगोल.’ ‘आक्कांच्या टंकनासाठी इनस्क्रिप्ट.’ ज्या नावापुढे काम लिहिता येत नाही ते पॅकेज काढून टाका, आणि त्याच्यामागून आलेली अनाथ पॅकेजेस ‘ऑटोरिमूव्ह’ने साफ करा. ज्या कामापुढे पॅकेज नाही त्याचा शोध घ्या. वर्षातून एकदा, मार्चअखेरचे हिशेब संपले की, ही यादी पुन्हा वाचा.

एका यंत्रमाग कारखान्याने अशी नीट यादी केली तर शेजारचा कारखाना ती तशीच वापरू शकतो. एका शाळेची यादी तालुक्यातल्या साऱ्या शाळांना चालते. पॅकेजेस लिहिणारे हजारो लोक जगभर आहेत, आणि आपल्या पुण्या-मुंबईतही आहेत. माधवनगरच्या हिशेबाच्या खोलीत नेमके काय लागते हे मात्र माधवनगरच्याच माणसाला माहीत असते. ती माहिती यादीत उतरली की लिनक्सच्या कामात त्याचाही वाटा पडतो. तिथे निवड करणारा माणूस ग्राहक राहत नाही, तो आपल्या यंत्राचा खरा मालक होतो.